न प्यायलेलं पाणी

आमच्या सोसायटीच्या फाटकाशी बहावा फुलला की माझी बायको माठ काढते. कॅलेंडरात हा सण छापलेला नाही, पण आमच्याकडे तो फार काटेकोर पाळला जातो. माळ्यावरून माठ उतरवायचा मान माझा, आणि खाली उभं राहून 'सांभाळा, सांभाळा' म्हणायचा मान तिचा. मग माठ भिजत घालायचा, धुवायचा, त्यात वाळ्याची जुडी सोडायची, आणि पहिला पेला मला द्यायचा. ओल्या मातीचा, वाळ्याचा आणि थोडासा गेल्या वर्षीच्या धुळीचा असा तो वास. मी डोळे मिटून पितो. आणि दर वर्षी, नेमका माझ्या तोंडात घोट असताना, ती विचारते, "बोर्ड लावतास काय?"

आम्ही वेंगुर्ल्याकडचे, पण दहिसरला जन्म गेल्यामुळे घरात मुंबईचीच भाषा चालते. मालवणी ती फक्त टोमण्यासाठी राखून ठेवते. ठेवणीतली साडी काढावी तशी काढते, आणि काम झालं की परत घडी घालून ठेवते.

तो बोर्ड मी स्वतः रंगवला होता. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं: 'थंडगार पाणी. माता-भगिनींना प्राधान्य.' शेजारी मी एक कमळ काढलं होतं. ते कोबीसारखं दिसतं असं सगळ्यांचं मत पडलं. माझं अजूनही पडलेलं नाही.

मी बसच्या चौकीवर स्टार्टर होतो. म्हणजे मार्गाच्या शेवटच्या स्टॉपवर पत्र्याच्या खोलीत बसून कोणती गाडी किती वाजता सुटेल ते सांगणारा माणूस. दिवसभर लोकांना 'निघा, निघा' म्हणायचं आणि आपण तिथेच बसून राहायचं, असं ते काम. आमची चौकी साकीनाक्याच्या आतल्या अंगाला होती. तिथे रस्ता संपला असं बसला वाटायचं, गल्ल्यांना वाटायचं नाही. एका बाजूला लेथची वर्कशॉपं, दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याची खोकी करणारा कारखाना, आणि डोक्यावरून विमानं इतकी खाली जायची की बोलणं मध्येच थांबवून, विमान गेल्यावर त्याच शब्दापासून पुन्हा सुरू करायची आम्हाला सवय लागली होती. मी घरीसुद्धा तसा थांबायचो. बायकोला वाटायचं, मी विचार करतोय.

मे महिन्यात तिथला पत्रा तव्यासारखा तापायचा. डांबर मऊ व्हायचं आणि चप्पल धरून ठेवायचं. गाडी येऊन थांबली की इंजिनाची धग आधी चौकीत शिरायची आणि मग कंडक्टर. कापलेल्या लोखंडाचा, गरम रबराचा, आणि कोपऱ्यावरच्या गाडीवाल्याने तिखट-मीठ चोळलेल्या कैरीचा वास एकमेकांत मिसळायचा. आजही कुठे कैरी चिरली की मला आधी डिझेलचा वास येतो. चांगल्या माणसाला निदान आंब्याचा मोहोर वगैरे आठवला असता.

अशा त्या उन्हाळ्यात मला पुण्य करायची लहर आली.

पाणपोई ही फार सोयीची समाजसेवा आहे. माठ घ्यायचा, पाणी भरायचं, वर झाकण, झाकणावर साखळीने बांधलेला पेला, की आपण थोर. मी आमच्या ड्रायव्हर-कंडक्टर मंडळींकडून वर्गणी काढली. रिक्षाच्या मागच्या सीटवर दोन मोठे माठ बसवले आणि मी स्वतः ड्रायव्हरच्या बाजूला अर्धा लटकत आलो. चौकीच्या सावलीत विटांचा ओटा केला. आणि उद्घाटन कुणाच्या हस्ते करायचं, तर रंजनाच्या.

रंजना सरवदे आमच्या मार्गावरची कंडक्टर. घाटकोपरच्या टेकडीवर राहायची. वडील बीडकडून कामाला आलेले, आई बाजारात भाजी विकायची. आवाज असा की मागच्या दारातून 'पुढे सरका' म्हणाली तर पुढच्या बसमधले लोकही सरकतील. मला ती 'परबदादा' म्हणे आणि लगेच 'तू' म्हणे, म्हणजे मान आणि चापट एकाच हाताने. त्या उन्हाळ्यात ती इन्स्पेक्टरच्या परीक्षेला बसणार होती. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात माझ्या चौकीत कोपऱ्यात बसून नियम पाठ करायची. मी तिला प्रश्न विचारायचो, आणि उत्तर बरोबर की चूक ते तिच्याच तोंडाकडे बघून ठरवायचो.

उद्घाटनाला मी नारळ फोडला. रंजनाने पेला भरला आणि तिच्या ड्रायव्हरला दिला. दुसरा भरला आणि कैरीवाल्याला दिला. तिसरा भरून मला दिला.

"तू पी ना गं," मी म्हटलं. "फोटो काढायचाय."

"काढू दे. मी ओठाला लावते."

तिने खरंच नुसता ओठाला लावला. फोटो छान आला. त्यात मी माठाला हात लावून असा उभा आहे की तो मीच जन्माला घातलाय.

पुढचे काही दिवस मी पाळत ठेवली. ड्रायव्हर प्यायले, हमाल प्यायले, लेथवरची काळ्या हातांची मुलं पेल्यावर बोटांचे ठसे ठेवून प्यायली, एक बैल नसलेला बैलगाडीवाला कुठूनसा आला आणि तोही प्यायला. आमच्या महिला कंडक्टर मात्र माठावरून सरळ निघून जायच्या. 'माता-भगिनींना प्राधान्य' लिहून कोबीपर्यंत मजल मारली, आणि माता-भगिनी ढुंकून बघत नाहीत. मी दुखावलो. चहाच्या टपरीवर मी एक सिद्धांतसुद्धा मांडला, की बायकांना निसर्गतःच पाणी कमी लागतं. तीन ड्रायव्हरांनी माना डोलावल्या. एकाने उंटाचं उदाहरण दिलं. आम्ही सगळे संसारी पुरुष होतो, हे इथे सांगितलं पाहिजे.

मग एक दिवस रंजना ड्युटीवर आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिच्या ड्रायव्हरने सांगितलं, "ॲडमिट आहे. परवा शेवटच्या फेरीला उभंच राहता येईना तिला."

मी भेटायला गेलो. जाताना शहाळं घेतलं, आणि मनात एक छोटंसं भाषणही. वॉर्डात पंखा फिरत होता, पण वारा दुसऱ्याच कुणाला देत होता. रंजनाचा चेहरा मेणासारखा झाला होता. उशाशी तिची आई पदराने वारा घालत बसली होती.

"काय झालं गं?"

"इन्फेक्शन. किडनीपर्यंत गेलंय म्हणतात."

"पाणी कमी पडलं असणार," मी म्हटलं. भाषण इथून सुरू होणार होतं. "तरी मी तिकडे दोन-दोन माठ भरून..."

"दादा, पाणी प्यायल्यावर तू काय करतोस?"

"म्हणजे?"

"नंतर. तासाभराने."

"जातो भिंतीकडे."

"मी कुठे जाऊ?"

चौकीच्या मागे कारखान्याची भिंत होती. लोकांनी तिथे उभं राहू नये म्हणून मालकाने भिंतीवर देवांच्या टाइल्स बसवल्या होत्या, सगळ्या धर्मांच्या, कुणाला वाईट वाटू नये म्हणून. आमची मंडळी श्रद्धाळू असल्यामुळे दोन देवांच्या मधली जागा शोधायची. वर्षानुवर्षं आम्ही त्या भिंतीवरून विनोद करत आलो होतो. चौकीला बायकांसाठी काही नाही, ही गोष्ट मला माहीत नव्हती असं नाही. ती माझ्या डोळ्यांसमोर नव्हतीच, म्हणून दिसली नव्हती. असलेली भिंत दिसते. नसलेला दरवाजा कसा दिसणार?

"पेट्रोल पंपावर नाही म्हणतात," रंजना सांगत होती. "हॉटेलवाला म्हणतो, मॅडम, चाय लो फिर जाओ. चहा घेतला की परत तेच. खोक्यांच्या कारखान्यात आहे एक, पण तिथला वॉचमन येता-जाता असा बघतो की नको वाटतं. त्यापेक्षा न प्यायलेलं बरं. घरून निघताना अर्धा कप चहा, मग घरी जाईपर्यंत काही नाही. सगळ्या तसंच करतात दादा. तुझ्या माठावर आमचा राग नव्हता."

तिच्या आईचं वारा घालणं थांबलं नव्हतं. ती म्हणाली, "आम्ही पन बाजारात पानी सांभाळूनच प्यायचो. त्यात काय मोठं. बाईच्या जातीला तेवढं आलंच."

"आई, म्हणूनच," रंजना म्हणाली. एवढंच. मग तिने भिंतीकडे तोंड केलं. आईने पदर दुसऱ्या हातात घेतला आणि मी शहाळं कुठे ठेवावं ते शोधू लागलो.

तिची परीक्षा त्याच आठवड्यात होती. ती गेली. म्हणजे परीक्षा गेली, रंजना वॉर्डातच होती.

उन्हाळ्यातल्या आजारपणाला एक वेगळाच एकटेपणा असतो. पावसात माणूस आजारी पडला तर सगळं जग त्याच्याबरोबर घरात बसतं. मे महिन्यात बाहेर लग्नांचे बँड वाजत असतात, मुलं गावाला गेलेली असतात, आंब्याच्या पेट्या दारादारात उघडत असतात, आणि आपण सलाइनच्या बाटलीतलं पाणी उतरताना बघत पडायचं. रंजना मला नंतर एकदा म्हणाली, "इतकी वर्षं जे तोंडातून घेतलं नाही ते हातातून घालत होते. मला हसायला येत होतं, पण हसलं की दुखायचं."

ती परत आली तेव्हा साहेबांनी तिला टेबलावरचं काम देऊ केलं. आगारात, खिडकीमागे बसून पास द्यायचे. पंखा होता, आणि चालत दोन पावलांवर लेडीज होतं. साहेबांनी खरोखर मोठ्या मनाने दिलं होतं, त्यांची चेष्टा मी करणार नाही. मी तर खूश झालो. माझ्या मते विषय संपला होता.

"घे ना," मी म्हटलं. "आराम आहे. दुपारी वेळेवर डबा खाशील."

"आणि माझ्या गाडीवर?"

"येईल कुणीतरी. दुसरी एखादी."

"तेच म्हणतेय मी," रंजना म्हणाली.

डॉक्टरने सांगितलं होतं तेवढे दिवस तिने पास दिले. मग लेखी देऊन पुन्हा गाडीवर आली. डॉक्टर रागावले, आई दोन दिवस बोलली नाही. पण आता तिच्या खांद्याला पाण्याची मोठी बाटली असायची आणि ती पाणी प्यायची. आणि गरज पडली की त्या खोक्यांच्या कारखान्यात जायची, वॉचमनच्या डोळ्यांत डोळे घालून. वॉचमनला इतकं कुणी बघितलं नव्हतं. तो बिचारा ती दिसली की रजिस्टरमध्ये तोंड खुपसायचा. "माझं भागतंय आता," ती म्हणाली. "पण डोळे वटारून किती जणी जातील?"

तिने बायकांना गाठायला सुरुवात केली. सुट्टीच्या दिवशी वेगवेगळ्या आगारांच्या फाटकांशी उभी राहायची, अंधेरीला, मुलुंडला, बोरिवलीला. आधी कुणी काही बोलेना. बदली, बोनस, साहेबांचा खडूसपणा, यावर सगळ्या बोलत. यावर नाही. जणू ही तक्रार नसून एखादा खाजगी अवगुण होता. शेवटी तिने आमच्या चौकीशेजारच्या बाकड्यावर पाच-सहा जणींना बसवलं आणि म्हणाली, "माझं ऐका आधी. मग वाटलं तर बोला." आणि तिने सांगितलं. मी आत बसून वर्तमानपत्र वाचत असल्याचं दाखवत होतो.

तिचं संपल्यावर एक जण म्हणाली, "मी आदल्या रात्रीपासूनच बंद करते." दुसरी म्हणाली, "मी सुट्टीच्या दिवशी सगळं पिऊन घेते. हंडा भरून ठेवल्यासारखं." यावर त्या सगळ्या हसल्या. हसता हसता एकीने डोळे पुसले, आणि मग कुणी थांबेचना. पाळीच्या दिवसांत कशी रजा टाकावी लागते, गरोदर असताना काय झालं, सगळं बाहेर आलं.

"दादा," रंजनाने बाहेरून हाक मारली, "पान उलट. मघापासून एकच वाचतोयस."

मोठ्या ऑफिसात वेळ मिळाली तेव्हा गणपती तोंडावर आले होते. आभाळ नुसतं फुगून बसलं होतं. रंजना म्हणाली, "दादा, तू चल. चौकी तुझी आहे. पुरुष माणूस सांगेल तर त्यांना वाटेल काहीतरी आहे." माझा ऊर भरून आला. मी घरी बायकोसमोर दोनदा तालीम केली. ती म्हणाली, "बरा बोलतास. पण त्यात रंजना खंय असा?" मी म्हटलं, येईल नंतर.

थंडगार खोली, काचेचं लांब टेबल, पलीकडे चार साहेब. सगळे पुरुष. आणि मी रंगात आलो. माठ रिक्षातून कसे आणले, कमळाचा कोबी कसा झाला, उंटाचा सिद्धांत, भिंतीवरचे देव. एका साहेबाने चष्मा काढून डोळे पुसले. सगळ्यात मोठे साहेब म्हणाले, "परब, तुम्ही नाटकात हवे होतात." चहा आला. बिस्किटं आली. आणि साहेबांनी हसत हसतच घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "छान. विषय चांगला मांडलात. बघू या, पुढच्या वर्षीच्या खर्चात काही बसतंय का."

गोष्टी सांगणाऱ्या माणसाला टाळीचा आवाज ओळखता येतो. आपली गोष्ट संपली तेव्हाचाही आणि दुसऱ्याची संपवली तेव्हाचाही. खुर्च्या मागे सरकू लागल्या होत्या. मी रंजनाकडे बघितलं. ती माझ्यावर चिडलेली नव्हती. ते जास्त वाईट होतं.

"साहेब," ती बसूनच म्हणाली. गाडीतला आवाज नव्हता, घरातला होता. "परबदादा बोलले ते हसण्यासारखंच आहे. आता माझं ऐका, ते तसं नाही. मला लघवीतून रक्त गेलं. त्या दिवशी मी ड्युटीवर होते. गाडी भरलेली होती. सकाळपासून कळ येत होती, मी दांडा धरून उभी होते आणि तिकिटं देत होते. एका आजींनी उठून मला जागा दिली. मी कंडक्टर, आणि पॅसेंजर मला जागा देतोय. शेवटची फेरी मी पूर्ण केली, कारण मध्ये उतरून जाणार कुठे? अर्धी किडनी गेली असती म्हणाले डॉक्टर. इन्स्पेक्टरच्या परीक्षेला बसणार होते, ती गेली. मला हे चार पुरुषांसमोर सांगायला लाज वाटते. पण ती आता वॉर्डात ठेवून आले मी."

मोठ्या साहेबांनी आपल्यासमोरचा झाकलेला ग्लास तिच्याकडे सरकवला. "पाणी घ्या."

"घेते," रंजना म्हणाली. "इथे घेते. इथून बाहेर गेल्यावर डाव्या हाताला लेडीज आहे. येताना बघून ठेवलंय."

आणि तिने तो ग्लास पूर्ण प्यायला. सावकाश. आम्ही सगळे तिचा घसा हलताना बघत होतो. मी उन्हाळाभर माणसांना पाणी पाजलं, पण कुणाला पाणी पिताना बघितलं ते त्या दिवशी. मोठ्या साहेबांनी पेन उघडलं.

परतताना बसमध्ये मी म्हटलं, "मी घाण केली ना गं?"

"नाही रे," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "हसले म्हणून तरी बसले होते. नाहीतर दोन मिनिटांत उठवलं असतं. पण पुढच्या वेळी कोबी नको."

पुढच्या वेळा पुष्कळ आल्या. आता ती गाडीवर नसते, युनियनमध्ये बायकांचं काम बघते. घाटकोपरच्या बाजारात भाजीवाल्यांसाठी जाते, वर्सोव्याला मासळी विकणाऱ्या बायका बोलावतात, रस्ते झाडणाऱ्या बायकांबरोबर कुणाच्या तरी ऑफिसबाहेर तासन्‌तास बसते. सगळीकडे मागणी एकच, आणि सगळीकडे सुरुवातही एकच: 'माझं ऐका आधी.' इन्स्पेक्टरची परीक्षा तिने पुन्हा दिली नाही. का, असं मी विचारलं, तर म्हणाली, "इन्स्पेक्टर झाले तर कंडक्टर बायका मला बघून तिकिटांची बॅग सावरतील. बोलणार नाहीत." हे ती सहज म्हणाली, पण परीक्षेच्या दिवसांत ती चौकीकडे यायचं टाळायची, हे मला माहीत आहे. तिची ती पाठांतराची पुस्तकं कोपऱ्यातल्या फळीवर बरेच दिवस होती. माणूस आपल्या दुःखाचं काम करतो म्हणजे दुःख संपलं, असं आपण बघणारे मानतो. सोयीचं असतं आपल्याला.

साहेबांच्या त्या भेटीनंतर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चौकीला बायकांचं शौचालय झालं. पांढऱ्या टाइल्स, निळा दरवाजा, वर टाकी. वरून सूचना आली की बाहेरच्या लोकांनी घाण करू नये म्हणून कुलूप असावं आणि चावी चौकीत असावी. म्हणजे माझ्याकडे. मला पुन्हा पुण्याची लहर आली. मी चावी हरवू नये म्हणून तिला लाकडाचा एक हातभर ठोकळा बांधला आणि माझ्या डोक्यामागे खिळ्याला अडकवली. रोज सकाळी स्वतः उघडून बघायचो. काय स्वच्छता म्हणून सांगू. टाइल्समध्ये तोंड दिसायचं. महिना झाला तरी साबणाची वडी झिजली नव्हती, आणि मी लोकांना ती वडी कौतुकाने दाखवायचो.

एका दुपारी रंजना आली. मी अभिमानाने दार उघडून दाखवलं. तिने टाइल्स बघितल्या, साबण बघितला, तो हातात घेऊन उलटा केला. त्यावरची अक्षरं जशीच्या तशी होती.

"दादा, चावी कोण मागतं?"

"ज्यांना लागते त्या."

"आज कुणी मागितली?"

मी विमान जाईपर्यंत थांबलो. विमान गेल्यावर मी साबण तिच्या हातातून घेऊन परत जागेवर ठेवला.

चौकीच्या बाकड्यावर नेहमीप्रमाणे चार ड्रायव्हर बसले होते. गाडीच्या सावलीत अश्विनी उभी होती, मुलुंडची नवी कंडक्टर, विशीतली. उन्हात ओठ सुकलेले, नजर फोनवर.

"समज, तू तिच्या जागी आणि ती तुझ्या. तू उठलास," रंजना हळू आवाजात म्हणाली, "या चौघांसमोर आलास, आणि तिला म्हणालास, मॅडम, चावी द्या. तिने मागे वळून तो सोटा काढून तुझ्या हातात दिला. तू तो घेऊन सगळ्यांसमोरून गेलास, आणि परत आणून दिलास. रोज दोनदा. मागशील?"

"पण घाण होईल गं. वरून सूचना आहे."

"होईल. मग साफ करू. तुला वरून विचारलं तर माझं नाव सांग."

"मेमो मला येणार, तुला नाही."

"मग दोघं जाऊ. तू आपला तो उंट सांग, बाकीचं मी सांगते."

तिने कुलूप काढलं, ठोकळ्यासकट पिशवीत टाकलं आणि घाटकोपरच्या गाडीत बसून निघून गेली. ती गाडी मी वेळेवर सोडली, तेवढंच माझ्या हातात होतं.

पुढचे दोन दिवस मी मेमोची वाट बघत होतो आणि दरवाजा नुसता टेकलेला होता. वाऱ्याने मधूनच आपटायचा. ड्रायव्हर म्हणाले, परब, तुझी वाट लागणार. कोपऱ्यावरचं कुत्रं सावलीला आत जाऊन बसलं, ते मी हाकललं. तिसऱ्या दिवशी भर दुपारी अश्विनीची गाडी आली. ती उतरली. चौकीसमोरून चालत गेली, माझ्याकडे न बघता, बाकड्यावरच्या ड्रायव्हरांकडे न बघता, जसं कुणी आपल्या घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातं तशी. मी मान खाली घालून पुढच्या गाडीची वेळ लिहू लागलो. इतक्या वर्षांच्या नोकरीत कुणी माझ्याकडे दुर्लक्ष केल्याचं मला एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

दरवाजा लागला. आणि मग आतून कडी.